बंदर सरकारी की खासगी?

कोल्हापूरला समुद्र नाही, मग बंदराची चर्चा कशाला, असे कुणी विचारील. पण इचलकरंजीचे कापड परदेशी जाते ते बहुतेक न्हावाशेवाहून. तिथे वाढलेला खर्च गिऱ्हाईक सोसत नाही. तो आपल्या नफ्यातून आणि यंत्रमाग कामगाराच्या मजुरीतून जातो.

१९८९ साली हे बंदर सुरू झाले ते सरकारी न्यासाकडे. १९९९ पासून तिथे पहिले खासगी टर्मिनल चालू लागले. चढाओढ आली, हे आम्ही मान्य करतो. २०२२ मध्ये मात्र बंदर प्राधिकरणाने स्वतःचे टर्मिनलही ३० वर्षांसाठी खासगी कंपन्यांकडे सोपवले. म्हणजे सरकार आता गाळ्याचा मालक, दुकान दुसऱ्याचे.

त्याला आमची हरकत नाही. बाजाराची जागा भाड्याने द्यावी, पण तराजू स्वतःकडे ठेवावा. पूर्वी मोठ्या बंदरांचे दर सरकारी प्राधिकरण मंजूर करी. २०२१ च्या कायद्याने नव्या करारांतील खासगी चालकाला बाजार पाहून दर ठरवण्याची मुभा दिली. मोठ्या निर्यातदाराला सवलत मागता येते. दहा-वीस गाठीवाल्याने कुणाकडे जायचे? (जयगड आपल्याला जवळ, पण ते खासगी आणि मुख्यतः कोळसा-खनिजाचे.)

त्याच कायद्यात बंदर वापरणाऱ्यांच्या तक्रारींसाठी निवाडा मंडळाची तरतूद आहे. एकट्या व्यापाऱ्याला तिथे जाणे परवडणार नाही, संघटनेला परवडेल. तेव्हा एजंटाच्या बिलातील टर्मिनल हाताळणीची रक्कम प्रत्येकाने वेगळी लिहून ठेवावी आणि बिले संघटनेकडे जमा करावीत.