ध्वनितबकडीची किंमत : उच्च गुणवत्तेचे विपणन आणि ग्रामीण श्रोता

प्रस्तावना :

किंमतनिश्चितीचा घटक शिकविताना आपण साबण, दुचाकी, शीतपेय अशी उदाहरणे घेतो. संगीताच्या तबकडीचे उदाहरण क्वचितच घेतले जाते. वास्तविक, बारा सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी छापण्याचा खर्च अल्प असतो. तिची विक्रीकिंमत मुख्यतः ध्वनिमुद्रण कंपनीच्या धोरणावर ठरते. प्रस्तुत लेखात उच्च गुणवत्तेच्या तबकड्यांच्या किंमत-धोरणाचा विचार शहापूर व मुरबाड यांसारख्या तालुक्यांतील श्रोत्याच्या बाजूने केला आहे.

गुणवत्तेची वेगळी किंमत :

सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आणली. ग्रामोफोन तबकड्यांच्या संग्राहकांनी तेच संगीत पुन्हा विकत घेतले. १९९९ मध्ये याच दोन कंपन्यांनी सुपर ऑडिओ सीडी आणली, तर २००० मध्ये प्रतिस्पर्धी गटाची डीव्हीडी-ऑडिओ आली. सीडीवरील ध्वनी १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झ असतो. डीव्हीडी-ऑडिओमध्ये ही मर्यादा २४ बिट व १९२ किलोहर्ट्झपर्यंत गेली. श्रोता तिसऱ्यांदाही खरेदी करील, हे गृहीत धरून किमती सीडीपेक्षा चढ्या ठेवण्यात आल्या.

हे गृहीतक फसले. सोनीच्या सुरुवातीच्या अनेक तबकड्या एकस्तरीय असल्याने घरातील सीडी प्लेअरवर वाजतच नसत. श्रोत्याला नवे यंत्र घ्यावे लागे, दुकानदाराला दुहेरी साठा ठेवावा लागे आणि दोहोंपैकी कोणते स्वरूप टिकेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे द्विस्तरीय तबकड्या आल्या. २००२ मध्ये रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाचे जुने संग्रह अशा तबकड्यांवर साधारण सीडीच्याच किमतीत निघाले. मात्र आत उच्च दर्जाचा स्तर आहे याचा वेष्टनावर फारसा गाजावाजा नव्हता. याला विपणन म्हणावे की संकोच, हा प्रश्नच आहे. २००३ मध्ये ॲपलने इंटरनेटवर एकेक गाणे ९९ सेंटला विकण्यास प्रारंभ केला. ते गाणे सीडीपेक्षाही कमी दर्जाचे होते, तरीही ते खपले.

आपल्याकडील अनुभव :

आपल्याकडील बाजाराने हा धडा आधीच दिला होता. १९८० च्या दशकापर्यंत एचएमव्ही या नावाने परिचित असलेल्या ग्रामोफोन कंपनीचे भारतीय बाजारावर वर्चस्व होते. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने स्वस्त ध्वनिफिती काढल्या आणि त्या किराणा व पानाच्या दुकानांपर्यंत पोहोचविल्या. फितीचा दर्जा अव्वल नव्हता; परंतु बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर गावोगावी पोहोचला होता आणि त्यावर ती वाजत होती. २००५ नंतरची काही वर्षे राज्याच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले, हे ध्यानात घेतले म्हणजे बॅटरीचे महत्त्व कळते. मुंबईला पाणी पुरविणारी भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, हे जाता जाता.

त्यानंतर एमपीथ्री तबकडी आली आणि येथे एक विलक्षण विरोध दिसतो. १२८ किलोबिट दराच्या एमपीथ्री ध्वनीला सीडीच्या सुमारे एक-अकरांश जागा लागते. म्हणजे सीडीवर ७४ मिनिटांचे संगीत मावत असेल, तर त्याच तबकडीवर एमपीथ्री स्वरूपात बारा-तेरा तासांचे मावते. एकाच आकाराच्या तबकडीत सुपर ऑडिओ सीडीने वाढीव जागा गुणवत्तेसाठी वापरली, तर एमपीथ्रीने ती संख्येसाठी वापरली. आठवडी बाजारात व यात्रेत विकली गेली ती दुसरी, आणि तीही बव्हंशी अनधिकृत. ग्राहकाला गुणवत्तेची जाण नव्हती, असा निष्कर्ष यावरून काढणे अन्यायाचे होईल. ज्या यंत्रावर तो फरक ऐकू येईल ते यंत्रच त्याच्यापाशी नव्हते. अधिकृत उद्योगाला हे उशिरा उमगले. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना देऊ केल्या, तेव्हा अधिकृत वस्तू प्रथमच अनधिकृत वस्तूशी किमतीत स्पर्धा करू लागली. ही कंपनीही टिकली नाही; २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली.

२०१७ मध्ये सारेगामाने, म्हणजे पूर्वीच्या ग्रामोफोन कंपनीने, ५,००० गाणी भरलेले 'कारवाँ' हे यंत्र ५,९९० रुपयांना आणले. हिशेब गाण्यामागे सव्वा रुपयाच्या आत येतो. येथे विक्री झाली ती सुलभतेची. ध्वनीच्या बिट-संख्येची जाहिरात करावी लागली नाही.

मूळ मुद्रणाचे मोल :

मग उच्च गुणवत्ता निरर्थक होती काय? विक्रीच्या दृष्टीने बहुतांशी होय, जतनाच्या दृष्टीने मुळीच नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले गदिमा-बाबूजींचे 'गीतरामायण' पुढे बाबूजींच्या स्वरात ग्रामोफोन तबकडी, ध्वनिफीत व सीडी अशा रूपांत निघत राहिले. कारण चांगले मूळ मुद्रण कंपनीच्या कपाटात होते. कंपनीचे खरे भांडवल तेच; तबकडी हे केवळ वेष्टन.

शहापूर-मुरबाडमधील ठाकर, कातकरी व वारली समाजांच्या गीतांसाठी असे कपाट कोणत्याही कंपनीने उभारलेले नाही, कारण त्यांना किमतीचा बाजार नाही. ती गीते प्रकल्पासाठी मुद्रित करणारे आपले विद्यार्थी बहुधा भ्रमणध्वनीवर दाबलेल्या स्वरूपातच ती साठवितात. एकदा गाळलेला ध्वनी पुन्हा मिळत नाही. २४ बिट व ४८ किलोहर्ट्झ दराने, न दाबता केलेल्या एक तासाच्या द्विमार्गी मुद्रणास सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एक टेराबाइटच्या हार्डडिस्कवर असे नऊशेहून अधिक तास राहतात.