संगणकाच्या हजेरीपटावर

संगणकाच्या पाठीमागे पूर्वी तारांचे रान माजलेले असे. कळफलकाचे भोक वेगळे, माऊसचे वेगळे, प्रिंटरचे तर चांगले तीन बोटे रुंद. १९९६ साली यूएसबीचे पहिले प्रमाण जाहीर झाले आणि ही भाऊबंदकी हळूहळू मिटली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकून पुढे अमेरिकेत इंटेलमध्ये गेलेले अजय भट्ट हे त्या कामातले एक अग्रणी.

तेव्हा ठरलेला वेग होता सेकंदाला १२ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १५ लाख बाइट. २००० साली हा आकडा ४८० मेगाबिटवर गेला. पण स्वस्तातले बहुतेक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाच्या नखाएवढे ते छोटे संगणक, आजही १२ वरच आहेत. आणि तेही पदरात पुरते पडत नाहीत!

माझी पुतणी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाण्याच्या पंपाची कंपने मोजून बेअरिंग जाणार हे आधीच ओळखायचे, असा तिचा प्रकल्प. आर्डुइनो ऊनोला सेन्सर जोडलेला, तार संगणकात. पण पडद्यावरच्या आलेखाला जागोजागी खिंडारे.

"काका, सेन्सरच खराब निघाला वाटतं. नवा आणावा लागणार."

नवा सेन्सर म्हणजे पुन्हा खर्च, आणि परीक्षा पंधरा दिवसांवर. मी म्हटले, आधी गुणाकार करू. ऊनो सेकंदाला फार तर १०,००० वाचने घेतो. चार आकडी संख्या आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा मिळून सहा बाइट. म्हणजे सेकंदाला ६०,००० बाइट. तार यूएसबीची खरी, पण ऊनोवर मुख्य चिप आणि यूएसबीची चिप निराळ्या. त्यांच्यामधला रस्ता ९६०० च्या गतीला सेकंदाला फक्त ९६० बाइट सोडतो, ११५२०० ला ११,५२०. महामार्गाला जाऊन मिळणारी बैलगाडीची वाटच ती! पाठवण्याची वाट पाहत चिप खोळंबते, तेवढ्यात पुढची वाचने राहून जातात. बेअरिंगची कुरकुर नेमकी त्यातच असायची.

संख्या आकड्यांऐवजी दोन बाइटांत पाठवली तरी २०,००० होतातच. तेव्हा बदलायला हवा होता बोर्ड. २०२१ साली आलेला रास्पबेरी पाय पिको थेट यूएसबीतून बोलतो आणि काही शे रुपयांत मिळतो.

पण यूएसबीची शिस्त मोठी कडक. संगणक हा हजेरी घेणारा मास्तर. नाव पुकारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचे नाही. तास असतो एक सहस्रांश सेकंदाचा. एकेक बाइट पाठवला तर अशा तासात जास्तीत जास्त १०७ मावतात, म्हणजे सेकंदाला १,०७,०००. चौसष्ट बाइटांचा गठ्ठा केला तर एकोणीस गठ्ठे मावतात, म्हणजे १२,१६,०००. कारण प्रत्येक खेपेला पत्ता, तपासणी, पोच हा सरंजाम लागतोच; एका प्रवाशासाठी आख्खी एसटी सोडण्याचा प्रकार. कळफलकासारख्या उपकरणांना जागा राखून मिळते, पण तासाला गठ्ठा एकच, म्हणजे ६४,००० बाइट.

पुतणीने बत्तीस वाचनांचा गठ्ठा बांधला. सेकंदाला तीनशे तेरा गठ्ठे. रस्ता जवळजवळ मोकळाच राहिला. आता मेख एकच. या मोठ्या गठ्ठ्यांना वेळेची हमी नाही. शेजारच्या पेनड्राइव्हवर कुणी सिनेमा उतरवू लागले की मास्तरांचे लक्ष तिकडे. म्हणून पिकोच्या २६४ किलोबाइट स्मृतीतले एक लाख बाइट तिने रांगेसाठी राखून ठेवले. संगणक पाच सेकंद फिरकला नाही तरी पंपाचे एकही कंपन वाया जात नाही. सेन्सर जुनाच आहे.