आठ लिटर नदी

जयपूरच्या झोटवाड्यात बसून समुद्राची गोष्ट कसली सांगताय, असं म्हणू नका पोरांनो. आधी मुंबईला जाऊ या. वरळीहून एक बोगदा अरबी समुद्राच्या तळाखालून सुमारे साडेतीन किलोमीटर आत जातो. त्यातून शहराचं चाळलेलं सांडपाणी वाहतं आणि टोकाला अनेक लहान तोंडांतून बाहेर पडतं. पडलं की सरळ वर उसळतं, कारण ते गोडं, म्हणून हलकं. समुद्राचं पाणी लिटरमागे जवळपास 25 ग्रॅमनं जड! वर चढता चढता ते भोवतालचं खारं पाणी पोटात ओढतं, फुगतं, आणि वर पोचेपर्यंत मूळच्या कितीतरी पट पातळ झालेलं असतं. ना रवी, ना मोटार. नुसत्या हलकेपणावर चाललेली घुसळण. मला तरी याचं अजून नवल वाटतं.

नदीची तऱ्हा निराळी. उथळ पाण्यात तळापासून वरपर्यंत मिसळायला वेळ लागत नाही, पण या काठाचं पाणी त्या काठाला भेटायला बरीच वाट चालावी लागते. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी दोन रंगांनी शेजारी शेजारी वाहतात ना, तसंच.

मग नदीत सोडायचं किती घाण पाणी? इंग्लंडच्या एका शाही आयोगानं 1912 साली हिशोब मांडला. शुद्ध करून सोडलेल्या लिटरभर पाण्यातली उरलीसुरली घाण कुजवताना जंतू पाच दिवसांत 20 मिलिग्रॅम प्राणवायू खातात असं धरा. स्वच्छ नदीच्या पाण्यात हाच आकडा 2. आता एक लिटर ते आणि आठ लिटर नदी. 20 अधिक 16, झाले 36. भागिले 9. उत्तर 4! एवढं नदीला सोसतं. गेलेला प्राणवायू ती हवेतून भरून काढते.

“पण आजोबा, आपल्या द्रव्यवतीत आठ लिटर आणायचे कुठून?”

नेमकं बोललीस! अमानीशाह नाला म्हणून सगळं जयपूर ओळखतं तीच ही 47 किलोमीटरची नदी. पावसाळा सरला की तिचं स्वतःचं पाणी जवळजवळ नसतंच. 2018 साली तिचं रूप पालटलं, तेव्हा रोज 17 कोटी लिटर पाणी शुद्ध करणारी पाच केंद्रं आली. उन्हाळ्यात तिच्यात वाहतं ते मुख्यतः शहरानंच वापरून सोडलेलं. आता कर भागाकार. 20 भागिले 1. विसाचे वीसच! पुढे सांगानेर ओलांडून ती ढूंढ नदीला मिळते, तर ढूंढही बहुतेक वर्षभर कोरडी.

2019 साली राष्ट्रीय हरित लवादानं मोठ्या शहरांना हा आकडा 10 वर आणायला सांगितलं. नदीची मदत नसल्यामुळे तो केंद्रातल्या टाक्यांतच गाठायचा आहे.