डावा पाय

खो-खोत आठ गडी आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. खो मिळाल्यावर एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. म्हणून पहिल्या पावलाला सारे महत्त्व.

मी पक्का उजव्या पायाचा. कात्रपच्या मैदानावर डावीकडे निघतानाही उजवाच आधी उठे, पायात पाय अडके आणि पळणारा निसटे. सरांनी युक्ती सांगितली : भार उजव्यावर टाक, म्हणजे डावा मोकळा होऊन आपसूक पुढे पडेल. महिनाभर जिनाही डाव्यानेच चढलो. आजीला वाटले, पाय दुखावला!

संघनिवडीत पहिलाच खो डावीकडचा आला. पाऊल बरोबर पडले. गडी मात्र निसटलाच. तरी संघात घेतले.