दूध पुरत नाही, या तक्रारीचा इलाज

‘बाळाला दूध पुरत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या मातेला डब्यातल्या दुधाची शिफारस करणारा वैद्य बहुधा सद्धेतूनेच तसे करतो. परंतु स्तनातून जितके दूध ओढले जाते त्या मानानेच नवे निर्माण होत असल्यामुळे, वरच्या दुधाने पोट भरलेले मूल अंगावर कमी पिते, आणि प्रारंभी जी केवळ शंका होती ती काही दिवसांत वस्तुस्थिती होऊन बसते. बाळ पीत असताना शेजारी बसून निरीक्षण करणे, स्तनाग्राभोवतालचा काळसर भागही त्याच्या मुखात आहे की नाही हे पाहणे, वजन व लघवी यांवरून दुधाचा अदमास घेणे, ही कौशल्ये केवळ ग्रंथपठनाने साध्य होत नाहीत.

ही कौशल्ये प्रसूतिगृहातील कर्मचाऱ्यांना शिकवल्याने फरक पडतो का, याची कसोटी बेलारूस देशात १९९६-९७ साली लागली. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मायकेल क्रेमर यांच्या नेतृत्वाखाली ३१ प्रसूतिगृहे, त्यांच्याशी संलग्न बालदवाखान्यांसह, यदृच्छेने दोन गटांत विभागण्यात आली, आणि एका गटातील डॉक्टर, परिचारिका व सुइणी यांना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचा १८ तासांचा अभ्यासक्रम देण्यात आला. स्तनपान सुरू केलेल्या मातांच्या १७,०४६ बालकांची पाहणी झाली तेव्हा, तिसऱ्या महिन्यात निव्वळ मातेच्याच दुधावर असलेल्यांचे प्रमाण शिक्षित गटात ४३.३ टक्के, तर इतरत्र अवघे ६.४ टक्के भरले. पहिल्या वर्षातील आतड्यांचा संसर्गही १३.२ ऐवजी ९.१ टक्क्यांवर राहिला. भारत सरकारच्या २०१६ च्या ‘माँ’ या स्तनपान-प्रोत्साहन कार्यक्रमात परिचारिका व आशा सेविकांच्या प्रशिक्षणाला जे स्थान मिळाले, त्याचे समर्थन या आकड्यांतच आहे.