आभाळ हिरवं असू दे!

मैत्रिणींनो, तुमच्या घरात शाळेत जाणारं मूल असेल, तर त्याची चित्रकलेची वही हातात घेऊन तुम्ही कधी ना कधी नक्कीच म्हणाला असाल, "अरे, झाडाचं खोड असं असतं का? आण इकडे, मी काढून देते!" खरं सांगा, म्हणालात ना? लाजू नका. तीस वर्षं कोल्हापुरात चित्रकला शिकवून मीही तेच केलं. आणि तेही परक्या मुलाच्या वहीत नव्हे, पोटच्या पोरीच्या कागदावर!

तेव्हा ती आठ वर्षांची होती. रविवारी आम्ही रंकाळ्यावर गेलो होतो. संध्यामठाकडे तोंड करून बाईसाहेब बराच वेळ काठावर बसल्या. घरी आल्यावर न जेवता चित्र काढलं. चित्र छानच होतं, पण आभाळ हिरवंगार! ते स्पर्धेला पाठवायचं होतं. मी म्हटलं, "वेडाबाई, संध्याकाळचं आभाळ हिरवं असतं का?" तिच्या हातातला कुंचला घेतला आणि नारिंगी, जांभळा, थोडा गुलाबी असे झकास रंग भरून टाकले. चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. समारंभाहून आल्यावर तिनं तो चिमुकला कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, हा तुझा."

त्यानंतर तिनं कधी चित्र काढलं नाही. रडली नाही, रुसलीही नाही. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायची, "मला येत नाही." चित्रकलेच्या बाईंची मुलगी विज्ञानाच्या आकृत्यासुद्धा मैत्रिणीकडून काढून घ्यायची. तो कप अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. दर दिवाळीला त्यावरची धूळ पुसताना माझा जीव खालीवर होतो.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे हा गेलेला हिवाळा.

पन्हाळ्यावर एसटी स्टँड

दिवाळीला लेक पुण्याहून आली, आठ वर्षांच्या नातवाला घेऊन. कोल्हापुरात दिवाळी म्हणजे किल्ला हवाच. यंदा तर पोरांना निमित्तही भारी होतं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं आणि त्यात आपला पन्हाळा आहे. त्यामुळे गल्लीत जिकडे तिकडे पन्हाळाच!

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून माती आणली, वीटकरांचे तुकडे गोळा केले, वर पोतं अंथरून चिखल लिंपला. हिरवळीसाठी अळीव पेरले. तीन दरवाजा झाला, अंधारबाव झाली, सज्जाकोठी झाली. सकाळी उठून बघते तो काय, तीन दरवाजाच्या शेजारी काड्यापेटीचा एसटी स्टँड!

माझा हात पुढं झालाच होता. "अरे, शिवाजी महाराजांच्या काळात..." एवढं तोंडात आलं. तेवढ्यात तोच म्हणाला, "आजी, स्टँड नसला तर माणसं वर येणार कशी?" पाठीमागे लेक उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त माझ्या हाताकडे पाहत होती. मी हात मागं घेतला. कसा घेतला ते माझं मला माहीत! स्टँड राहिला. भाऊबीजेपर्यंत गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या पन्हाळ्यावर एसटी सुरू झाली होती.

"आम्हाला कुठं येतंय चित्र?"

दिवाळी संपली, लेक-नातू गेले, घर रिकामं झालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लांबलचक भिंत आहे. तिच्या कडेला कचरा टाकायचा आणि अंगावर पिचकाऱ्या मारायच्या, हा जणू रिवाजच. महिला मंडळाच्या बैठकीत मी म्हटलं, "ही भिंत आपण रंगवू या. रथसप्तमीला पुरी करू."

एकदम शांतता! मग एक वैनी म्हणाल्या, "बाई, तुमचं ठीक आहे. आम्हाला कुठं येतंय चित्र?"

माझ्या मुलीचंच वाक्य! मनात चर्र झालं. या सगळ्याजणी कधी तरी आठ वर्षांच्या होत्याच की. कुणी कुणी त्यांच्या हातातला कुंचला काढून घेतला असेल?

अहो, चित्र येत नाही म्हणणाऱ्या त्याच वैनी संक्रांतीला घरी हलवा करतात. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, त्यावर चमचा चमचा पाक आणि तासन्‌तास बोटांनी हलवणं. घाई केली की काटा बसत नाही. त्या हलव्याचे दागिने ओवून गल्लीतल्या नव्या सुनेला त्यांनी काळ्या साडीवर नटवलं, तेव्हा सगळी गल्ली बघत राहिली. रंग, आकार, मांडणी यांची जाण नसलेल्या बाईचं काम आहे का ते? आणि रोज दारात ठिपके जोडणारा हात भिंतीला का घाबरेल?

मी त्यांना वारली चित्रांची गोष्ट सांगितली. लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिण्याचा मान वारली समाजात सवाशिणींचा. गेरू-मातीनं सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, बांबूची काडी, झालं साहित्य! जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण भिंतीवरची ती रेघ मुळात बायकांची होती.

आपल्या कोल्हापुरात तरी काय? कलामहर्षी बाबूराव पेंटर (1890-1954) कुठल्या कला महाविद्यालयात गेले नव्हते. वडील कसबी कारागीर, त्यांच्या हाताकडे बघत मुलगा घरातच घडला आणि पुढं चित्रं, शिल्पं करता करता त्यानं सिनेमाचा कॅमेरासुद्धा स्वतः तयार केला. घर ही पहिली चित्रशाळा, ती अशी.

जानेवारीत टाउन हॉलच्या बागेत 'रंगबहार'ची 'मैफल रंगसुरांची' असते. तिथं सगळ्याजणींना घेऊन गेले. झाडांखाली गाणं चाललेलं, कुणी निसर्गचित्र रंगवतंय, कुणी समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मातीतून उभा करतंय. लोक भोवती उभे राहून गुपचूप बघताहेत. मी वैनींना म्हटलं, "बघा, इथं कुणी पुढं होऊन म्हणतंय का, आणा इकडे, नाक मी काढून देते?" सगळ्या हसल्या. मला मात्र हसू येईना. नंतर टाउन हॉलच्या संग्रहालयात गेलो. अबालाल रहमान हे राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारातले चित्रकार. त्यांची चित्रं बघताना माझ्या मनात त्यांचा 'संध्यामठ' येत होता. तोच रंकाळा, तोच मठ!

गळ्यातला साज भिंतीवर

भिंतीवर काय काढायचं? मोर, कमळ, वारली, बरीच चर्चा झाली. शेवटी एका आजींच्या गळ्याकडे लक्ष गेलं. कोल्हापुरी साज! त्यातली पानं कधी चित्र म्हणून बघितली आहेत तुम्ही? चंद्र, शंख, मासा, कासव, नाग, भुंगा, बेलपान, कारलं. इतकी वर्षं गळ्यात मिरवलेली चित्रं! ठरलं, एकेकीनं एकेक पान काढायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्लॅस्टिकचे डबे लुटले नाहीत. रंगीत खडूंची पेटी वाण म्हणून दिली आणि प्रत्येकीकडून पाटीवर आपापलं पान काढून घेतलं. कासव कुणाचं लंबोडकं झालं, माशाला कुणी पापण्या काढल्या. मी कुठंही हात लावला नाही.

तुमच्या गल्लीतही असा बेत करायचा असेल, तर भिंतीच्या मालकाची परवानगी आधी घ्या. भिंत घासून, धुऊन वाळू द्या. विरवलेला चुना फडक्यानं गाळून त्यात डिंकाचं पाणी मिसळा आणि दोन हात द्या. गेरू आदल्या रात्री भिजत घाला. चुन्यात थोडी नीळ घातली की आभाळी रंग मिळतो. कामाआधी हातांना खोबरेल चोळा आणि चुना डोळ्यांत जाणार नाही याची फार काळजी घ्या. चुन्याजवळ लहान मुलांना मुळीच येऊ देऊ नका. त्यांना वाळलेल्या भिंतीवर गेरू द्या, खडू द्या.

रथसप्तमीचा रविवार

यंदा रथसप्तमी 25 जानेवारीला, रविवारी आली आणि दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. जोडून रजा बघून लेक आणि नातू आले. सकाळी अंगणात सूर्याची रांगोळी काढली, गोवरीवर दूध उतू घातलं आणि सगळी फौज भिंतीकडे निघाली. आमचे हे चहाची किटली घेऊन मागोमाग!

साजाची पानं रांगेनं उभी राहिली. भिंतीच्या शेवटी हातभर जागा उरली होती. नातू आईला म्हणाला, "तू पण काढ की." ती म्हणाली, "मला येत नाही." मी दुसरीकडे बघितलं. त्यानं तिच्या हातात कुंचला कोंबला आणि स्वतः भुंग्याचे पाय मोजायला पळाला.

बऱ्याच वेळानं वळून पाहिलं, तर लेकीनं तळं काढलं होतं. काठाला छोटासा मठ. पिवळ्यात नीळ कालवून ती वर सगळं हिरवं आभाळ भरत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, त्या दिवशी मी वर बघतच नव्हते. पाण्यात बघत होते. रंकाळ्याचं पाणी हिरवं होतं ना, म्हणून त्यातलं आभाळ हिरवं."

मैत्रिणींनो, तीस वर्षं मुलांना 'नीट बघा, मग काढा' असं शिकवणाऱ्या बाईनं आपल्या पोरीला एवढं विचारलं नव्हतं, की बाळ, तू काय बघितलंस? मी म्हटलं, "चुकलं गं माझं." ती म्हणाली, "असू दे. जरा ती नीळ दे इकडे." मी नीळ दिली. कुंचला तिच्याच हातात होता.

तुमच्यासाठी एवढंच

मुलानं चित्र दाखवलं, की 'हे काय काढलंस?' असं विचारू नका. 'यातलं मला सांग' म्हणा, आणि मग ऐका. 'दाखव ना कसं काढायचं' असा हट्ट धरला, तर वेगळ्या कागदावर दाखवा, त्याच्या कागदाला हात लावू नका. चित्राच्या मागे तारीख घालून ते जपून ठेवा. वहीच्या बिलांइतकी जागा त्यालाही द्या. महागडे रंग नसले तर अडत नाही. हळद, गेरू, कोळसा, बिटाचा रस घरात असतोच. हळदीत चुन्याची निवळी घातली, की लाल रंग होतो. मुलांच्या दृष्टीनं ती जादूच, पण चुन्याचं काम तुमच्या हातानं करा. बिटाचा आणि हळदीचा रंग उन्हानं उडतो, हे मात्र आधी सांगून ठेवा. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना जरूर बसवा. पण घरच्या कागदावर गुण देऊ नका.

लेक गेली त्याच आठवड्यात अंबाबाईचा किरणोत्सव होता. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि त्याआधी 9 ते 11 नोव्हेंबर, या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात येतात आणि देवीच्या पायांपासून चढत वर जातात. वाटेत एखादी इमारत आडवी आली, तर ती अडतात, म्हणून सगळं गाव हळहळतं. गर्दीत उभी राहून मी हात जोडले. किरणं त्यांच्या वेळेला येतातच. आपण फक्त आड उभं राहायचं नाही.

घरी आल्यावर शोकेसमधला तो कप काढला. आता त्यात नातवाचे रंगीत खडू ठेवले आहेत.