यंत्र नाकारले, सरी रुजली

मृग बरा बरसला, की मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या भारी काळ्या रानात वेगळीच घालमेल सुरू होते. पंधरा दिवसांपूर्वी ज्या भेगांत हात कोपरापर्यंत जात होता, त्या रानात दोन दमदार पावसांनंतर पाऊल टाकवत नाही. चिखल वखराच्या पासेला धरून बसतो, बैलांचे खूर रुततात. वाफसा यायची वाट पाहावी, तर त्याआधीच पुढचा पाऊस येऊन ठेपतो. पेरणी लांबते. पेरून झाले असेल तर पीक पिवळे पडते आणि तणाला मात्र जोर चढतो. पुढे श्रावणात पावसाने तीन आठवडे ओढ दिली, की हीच जमीन पुन्हा भेगाळते आणि उगवलेल्या पिकाच्या मुळ्या तोडते. एकाच हंगामात, एकाच वावरात, आधी पाणी जास्त आणि मग पाणी कमी.

मृदाशास्त्र या जमिनीला व्हर्टिसॉल म्हणते. तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. या खनिजाचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी उडून गेले की ती आक्रसते आणि फाटते. कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत पहिला पाऊस झपाट्याने मुरतो. माती फुगून भेगा मिटल्या, की मुरण्याचा वेग तासाला एक मिलीमीटरहूनही खाली येतो. म्हणजे मोठ्या पावसाचे पाणी एक तर साचणार, नाही तर उतार सापडेल तिकडे वाहणार आणि जाताना वरची माती घेऊन जाणार. पण हीच जमीन एकदा भिजली, की आपल्या पोटात एवढी ओल धरून ठेवते, की थंडीत एकही पाऊस न पडता त्यावर शाळू उभा राहतो. सोलापूर–विजापूर पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या खरिपात रान पड ठेवले आणि रब्बीची ज्वारी घेतली. तो अनुभवातून आलेला शहाणपणा होता. त्याची किंमत मात्र मोठी होती: अख्खा पावसाळा उघड्या जमिनीवर पडायचा आणि वर्षातले एक पीक हातचे जायचे.

पतंचेरूची सरी

1972 मध्ये हैदराबादजवळ पतंचेरू इथे इक्रिसॅट ही अर्धशुष्क उष्ण कटिबंधातल्या शेतीसाठीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या आवारात काळी आणि तांबडी अशा दोन्ही जमिनी होत्या. काळ्या जमिनीचा प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांनी अगदी सुरुवातीलाच हाती घेतला. त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे रुंद वरंबा सरी, आज गावोगाव ‘बीबीएफ’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत.

तिची मांडणी साधी आहे. सुमारे एक मीटर रुंदीचा सपाट, किंचित उंच वरंबा आणि त्याच्या बाजूला अर्ध्या मीटरची सरी. पुन्हा वरंबा, पुन्हा सरी. सऱ्यांना शंभर मीटरला साधारण अर्धा मीटर एवढा मंद उतार द्यायचा. जास्तीचे पाणी सरीतून सावकाश बाहेर जाते, त्यामुळे मुळांना हवा मिळते. पाऊस कमी पडला तर तेच पाणी सरीत रेंगाळून वरंब्यात मुरते. बैल नेहमी सरीतून चालतात, त्यामुळे वरंबा कधी तुडवला जात नाही आणि माती भुसभुशीत राहते. मॉन्सूनपूर्वी कोरड्यातच पेरणी, म्हणजे आपली धूळपेरणी, केली की चिखलात औत घालायची वेळच येत नाही.

1976 पासून पतंचेरूच्या काळ्या जमिनीत दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून अनेक दशके मोजल्या गेल्या. पारंपरिक बाजूला खरिपात पड आणि रब्बीत एक पीक. सुधारित बाजूला रुंद वरंबा, सुधारित वाण, खत आणि वर्षातून दोन पिके. तीस वर्षांच्या सरासरीत पारंपरिक बाजूला हेक्टरी 1.1 टन धान्य निघाले आणि सुधारित बाजूला 5.1 टन. वाहून जाणारी मातीही पारंपरिक बाजूच्या चौथाईवर आली. हा फरक एकट्या सरीचा नव्हता, खत आणि वाणांचाही होता. पण भारी रानात खरीप घेता येतो, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

हा वरंबा काढायचा कशाने? त्यासाठी इक्रिसॅटने निवडले ट्रॉपिकल्टर. ज्याँ नॉल या फ्रेंच अभियंत्याने 1950 च्या दशकात सेनेगलमध्ये बैलांनी ओढायच्या चाकांच्या अवजारवाहकावर काम सुरू केले होते, त्यातूनच हे यंत्र पुढे आले. हवेची दोन रबरी चाके, त्यांच्यामध्ये अवजारे अडकवायचा दांडा, अवजार उचलायला तरफ आणि वर बसायला आसन. या दांड्याला नांगर लावा, सरी पाडायचे रिजर लावा, पेरणी यंत्र लावा, कोळपे लावा. पेटी चढवली की त्याचीच बैलगाडी. दोन चाकांमधले अंतर दीड मीटर ठेवले की चाके आपोआप सरीत राहत. पतंचेरूच्या रानावर ट्रॉपिकल्टर उत्तम चालला.

एवढे चांगले यंत्र का पडून राहिले?

शेतकऱ्यांच्या रानात मात्र ते चालले नाही. ही एका देशापुरती गोष्ट नव्हती. पॉल स्टार्की या ब्रिटिश अभ्यासकाने जगभरच्या अशा अवजारवाहकांचा आढावा घेऊन 1988 मध्ये पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या उपशीर्षकाचा अर्थच ‘परिपूर्ण केलेले, तरीही नाकारलेले’ असा आहे. तीस वर्षांत आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत मिळून चाळीसहून अधिक आराखड्यांची सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली होती. बहुउद्देशीय अवजार म्हणून वर्षानुवर्षे वापरात राहिलेली यंत्रे नगण्य होती. बहुतेक पडून राहिली किंवा नुसत्या बैलगाड्या झाल्या.

कारणे रानात उभे राहून पाहिली की लगेच कळतात. पहिले कारण किंमत. पूर्ण संच घ्यायचा तर नांगर, वखर, तिफण, डवरा या घरच्या सगळ्या अवजारांच्या कित्येक पट पैसा लागायचा. अनुदान मिळाले तरी वर्षाकाठी थोडेच दिवस चालणाऱ्या वस्तूत एवढी रक्कम अडकवणे दोन-चार एकरवाल्याला परवडणारे नव्हते. दुसरे कारण वजन. संशोधन केंद्रातले बैल दाणा-वैरणीवर पोसलेले असतात. उन्हाळ्याची वैरण संपवून पेरणीला आलेला गावातला बैल वेगळा असतो. तिसरे कारण वळण. लांबच लांब सरळ तासांसाठी बनवलेले यंत्र बांधाबांधांच्या तुकड्यांत दर थोड्या अंतरावर फिरवावे लागते.

चौथे कारण सगळ्यात महत्त्वाचे आहे, आणि आराखडा काढताना नेमके तेच नजरेतून निसटले. अनेक कामे करणारे एक यंत्र एका वेळी एकच काम करते. ट्रॉपिकल्टरची गाडी करून माल बाजारात नेला, तर त्या दिवशी डवरणी थांबली. अवजार बदलायचे तर पाने घेऊन नटबोल्ट खोलायचे. याउलट घरात वखर वेगळा, डवरा वेगळा, गाडी वेगळी असेल तर एक भाऊ बाजारात जातो, दुसरा डवरणी करतो, आणि शेजाऱ्याची तिफण सावडीत मिळते. अभियंत्याला जी काटकसर वाटली, ती शेतकऱ्याच्या हिशेबात अडचण होती.

पाणीही बांध पाहून वाहत नाही. एका वावरातली सरी मंद उताराने पाणी बाहेर काढते, ते पाणी शेजाऱ्याच्या वावरात उतरते. पाणलोटातल्या सगळ्यांनी मिळून चर काढला नाही, तर चांगल्या सरीतूनही भांडण उगवते.

इक्रिसॅटच्याच अर्थशास्त्रज्ञांनी या गोष्टी टिपल्या, हे आवर्जून सांगायला हवे. 1975 पासून त्यांनी निवडक गावांत माणसे वस्तीला ठेवली. त्यात सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कान्झरा ही गावे होती. प्रत्येक गावातली चाळीस कुटुंबे निवडून त्यांची जमीन, बैल, मजुरी, कर्ज आणि खाणेपिणे यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. त्या नोंदींतून अर्धशुष्क भागातल्या शेतकरी कुटुंबाचा हिशेब शास्त्रज्ञांसमोर आला. काळी जमीन दोन्हीकडे आहे, पण पाऊस सारखा नाही, ही गोष्टही ठळक झाली. अकोल्याकडे जूनचा पाऊस बऱ्यापैकी भरवशाचा, तिथे धूळपेरणीचा धोका पत्करता येतो. शिरापूरकडे खरी भिस्त परतीच्या पावसावर. तिथे जूनमध्ये बी मातीत टाकणे म्हणजे जुगार. रुंद वरंब्याची शिफारस अखेर वर्षाला साधारण 750 मिलीमीटरहून अधिक आणि खात्रीचा पाऊस असलेल्या भागांसाठी ठरली.

दोन मारेशा, एक चौकट

आफ्रिकेतल्या इथिओपियाच्या डोंगरपठारांवर सुमारे 76 लाख हेक्टर काळी जमीन आहे. प्रश्न तोच: पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून गहू उशिरा, उरल्या ओलीवर पेरायचा. इनेवारी परिसरात मात्र बायका आणि मुले हातांनी माती ओढून रुंद वाफे आणि सऱ्या करत आली होती. पद्धत होती, कष्ट अमाप होते.

1980 च्या दशकात तिथल्या संशोधकांनी चाकांचे यंत्र बाजूला ठेवले आणि शेतकऱ्याच्या मारेशाकडे पाहिले. मारेशा म्हणजे लोखंडी टोकाचा लाकडी नांगर, खांद्यावर टाकून नेता येईल असा. तिथे अनेकांकडे एकच बैल असतो. दोघे शेजारी बैल एकत्र जुंपतात, आपल्याकडच्या सावडीसारखेच. संशोधकांनी दोन मारेशा एका चौकटीत जोडल्या, माती आत ओढायला पंख लावले, मागे साखळी सोडली. बैल चालले की पंखांनी वरंबा उभा राही आणि फरफटत येणारी साखळी बी झाकून वरंबा सपाट करी. वरंबा सुमारे 80 सेंटिमीटरचा, सरी 40 ची, म्हणजे तिथल्या बैलजोडीला झेपेल एवढी. हेही अवजार बैलांना जड जाते, अशी तक्रार आलीच. मग पुढे हलके, नेहमीच्या मारेशालाच जोडता येणारे अवजार तयार झाले. तक्रार ऐकून अवजार बदलले, ही यातली खरी प्रगती.

बोळा आणि दोरी

महाराष्ट्रात सरी परत आली ती सोयाबीनबरोबर, आणि बैलांऐवजी ट्रॅक्टरमागून. सोयाबीनला साचलेले पाणी सोसत नाही आणि शेंगा भरताना पडलेला खंडही सोसत नाही. रुंद वरंबा या दोन्हींतून त्याला सांभाळून नेतो. कृषी विद्यापीठांनी ट्रॅक्टरचलित बीबीएफ पेरणी यंत्रे आणली. 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, म्हणजे ‘पोकरा’ने, ही पद्धत गावोगाव नेली. हे यंत्रही महागच आहे. तरी ते चालते, कारण छोट्या शेतकऱ्याला ते विकत घ्यावे लागत नाही. गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला एकराच्या दराने बोलावले की एका फेरीत वरंबा, सरी आणि पेरणी होते. चाळीस वर्षांपूर्वी भाड्याची ही सोय गावात नव्हती. आता ती आहे, म्हणून तीच कल्पना आता परवडते.

पण पेरणीच्या ऐन घाईत बीबीएफ यंत्र सगळ्यांना मिळत नाही. त्यावर विदर्भात एक उपाय चालतो. सात दात्यांच्या साध्या पेरणी यंत्रातल्या मधल्या दात्याच्या छिद्रात कापडाचा बोळा कोंबायचा. तेवढी एक ओळ पेरली जात नाही, पीक पट्ट्यापट्ट्यांनी उगवते. पुढे डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी घट्ट गुंडाळायची आणि तो त्या मोकळ्या ओळीतून चालवायचा. दोरीमुळे माती दोन्ही बाजूंना फेकली जाते, पिकाला मातीची भर बसते आणि मध्ये सरी पडते. ज्या कामासाठी एकेकाळी रबरी चाकांचे यंत्र पुढे केले गेले, त्यातले बरेचसे काम एक बोळा आणि दोरीचा तुकडा करतात. एकराला बियाणेही थोडे कमी लागते.

उष्ण कटिबंधातल्या लहान शेतीसाठी तंत्रज्ञान म्हटले की आज ड्रोन, संवेदक आणि मोबाइल अॅप यांची चर्चा होते. ती जरूर व्हावी. पण रुंद वरंब्याचा पन्नास वर्षांचा प्रवास एक कसोटी देतो. शास्त्राचे तत्त्व, म्हणजे पाणी, माती आणि मूळ यांचे नाते, सगळीकडे सारखे असते. अवजार मात्र त्या त्या गावचा बैल, पाऊस, बांध, उधारी आणि गावातला लोहार पाहूनच ठरवावे लागते.

कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि कृषी विज्ञान केंद्रांतल्या तज्ज्ञांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे. नव्या यंत्राचा आराखडा कागदावर उतरवण्याआधी एक अख्खा खरीप दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याबरोबर काढा. काय मोडते, ते कोण दुरुस्त करते, पेरणीच्या दिवशी बैल कोणाचा आणि पैसा कुठून येतो, हे लिहून घ्या. आणि यंत्र नाकारले गेले, तर शेतकऱ्याच्या अज्ञानाला दोष देण्याआधी त्याचे कारण विचारा. पुढच्या यंत्राचा आराखडा त्या कारणापासूनच सुरू झाला पाहिजे.